बासष्टच्या वेगातली थरथर

ऑर्लाबाई बेकस्टेड यांच्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपला ताशी बासष्ट मैलांवर थरथर सुटते, ही तक्रार कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपने रीतसर नोंदवून घेतली. बाई आयडाहोच्या. दर मंगळवारी हंसांची अंडी हौद्यात भरून नव्वद मैलांवरच्या उबवणी केंद्रात पोचवायच्या. हादऱ्यांनी अंडी आतल्या आत मरत होती. दोन खेपा वाया गेल्या होत्या आणि तिसरी गेली की करार रद्द, असं केंद्राने स्वच्छ कळवलं होतं.

डेल नावाचा जुना मेकॅनिक गाडीखाली सरपटला, पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट हाताने हलवला आणि दोन मिनिटांत बाहेर आला.

"जॉइंट खलास झालाय, ऑर्ला. खुळखुळा झालाय नुसता. तासाभराचं काम."

"मग कर ना बाबा!"

काउंटरवरचा थेन आडवा आला. "डेलचा हात हे मान्यताप्राप्त उपकरण नाही, मॅडम. आधी टेस्ट ड्राइव्हमध्ये थरथर दिसायला हवी. आणि हा जॉइंट बाहेर मिळत नाही, तेव्हा उगाच दुसरीकडे धावू नका."

टेस्ट ड्राइव्ह झाली. विम्याच्या अटीनुसार कर्मचाऱ्याने पंचेचाळीसच्या वर जायचं नसतं. पंचेचाळीसला गाडी शहाण्या मुलीसारखी चालली. शेरा पडला: तक्रार आढळली नाही.

"अरे, मी बासष्ट म्हणतेय!"

"मग तुम्हीपण पंचेचाळीसने जा की."

"हायवेवर? मागचे ट्रकवाले माझंच ऑम्लेट करतील!"

"तो वाहतुकीचा प्रश्न झाला, मॅडम. आमच्या खात्यात नाही येत."

बाईंनी काउंटरवर मूठ आपटून असा काही आवाज लावला, की मुख्य कार्यालयातून बासष्टची खास परवानगी आली. बासष्टला थेनची कॉफी त्याच्याच मांडीवर सांडली. गाडीत बसवलेल्या मापन यंत्राने थरथर नोंदवली. बाईंना वाटलं, सुटले.

पण पुढचा नियम होता तुलनेचा. त्याच मॉडेलची दुसरी गाडीही थरथरली तर तो दोष नाही, गाडीचा स्वभाव. विक्रीसाठी उभी असलेली कोरी पिकअप बासष्टला पळवली. थरथरली नाही.

"झालं ना सिद्ध?" बाई म्हणाल्या.

मुख्य कार्यालयाचं उत्तर आलं: तुलनेची गाडी चुकीची निवडण्यात आली आहे. थरथरणाऱ्या गाडीची तुलना थरथरणाऱ्या गाडीशीच व्हावी. शोधाशोध केली, तर तशी एक गाडी मागच्या अंगणातच सापडली. याच जॉइंटसाठी ती मार्चपासून ताटकळत पडली होती. दोघींची थरथर तंतोतंत जुळली. शेरा पडला: स्वभाव. दुरुस्ती अनावश्यक.

"आणि ती कोरी गाडी?" बाईंनी डेलला विचारलं.

"विक्रीतून काढली. ती का थरथरत नाही, ते शोधायला मला बसवलंय."

सोमवारी संध्याकाळी बाई गाडी न्यायला आल्या. थेनने फोन पुढे केला. "एवढं एक करा, मॅडम. सेवेला दहापैकी गुण. नऊ दिले तरी आम्ही नापास, आणि वर्कशॉप नापास झालं की आधी म्हातारा मेकॅनिक जातो."

"म्हणजे हा?"

डेल आधीच पुसलेले हात परत पुसत राहिला. दोन मिनिटांत रोग ओळखणारा अख्ख्या वर्कशॉपात तो एकटाच होता. बाईंनी दात-ओठ खात दहा दाबले.

पूर्ण समाधानी ग्राहकाच्या गाडीत दोष असू शकत नाही, म्हणून संगणकाने यंत्राची नोंद चूक ठरवून पुसली. तक्रारच उरली नाही, म्हणून डेलने नोंदवलेली जॉइंटची मागणीही रद्द झाली. मंगळवारची खेप मेली. बुधवारी करार गेला.

बाई भोळसट, असं म्हणताय? मग काढा तुमचा मोबाइल. गेल्या महिन्यात, डिलिव्हरीच्या पोराच्या पोटावर पाय नको म्हणून, तुम्ही कुठे कुठे पाच तारे दाबलेत ते बघा. फार मोठं मन तुमचं! आत्ता या क्षणी कुणीतरी तेच तारे मोजून गाडी पसंत करतंय आणि हौद्यात अंडी भरतंय.