तीनदा विसळलेला कप

आबा नेरूरकर चहा पिण्याआधी चहानेच कप विसळत. एकदा नव्हे, तीनदा. थोडा चहा ओतायचा, कप गोल फिरवायचा, तो चहा फेकायचा. मग उरलेला प्यायचा.

युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत आम्ही समुद्राचं पाणी आणि तळाचा गाळ तपासत असू. आबा तिथे माझे वरिष्ठ. नमुना भरण्याआधी बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, हा तिथला नियमच होता. "आधीचं राहता कामा नये!" हे आबांचं पालुपद. काचपेटीतल्या तराजूजवळ कोणी शिंकला की त्याची रवानगी व्हरांड्यात. गाळ वाळवायच्या भट्टीत एकाने बटाटेवडा गरम केला, तर आबा महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

प्रयोगशाळेत हे शोभायचं. इराण्याकडे मात्र त्यांनी चहा पिकदाणीत ओतला की पोऱ्या धावत यायचा, "साब, मक्खी गिरा क्या?" आजूबाजूची टेबलं हसायची. हळूहळू त्यांना चहाला बोलावणं बंद झालं. मधल्या सुट्टीत ते बाटल्यांच्या कपाटापाशी उगाच बुचं पुसत उभे असत. बायको वारल्यापासून घरीही एकटेच होते.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर लाठ्या चालल्या त्या दुपारी ट्रॅम बंद पडल्या. मला लालबागला घरी जाणं शक्य नव्हतं. "चल माझ्याकडे," म्हणत आबांनी मला गिरगावातल्या आपल्या खोलीवर नेलं.

त्यांनी स्टोव्हवर चहा केला आणि माझा कप भरून दिला. आता यांच्या घरी यांच्याच पद्धतीने वागावं म्हणून मी कप उचलून मोरीकडे निघालो. आबांनी माझं मनगट धरलं.

"अरे, ओततोस कशाला?"

"तुमचाच नियम ना, आबा?"

ते पातेल्यात बघत राहिले. "ही गेली, तरी माझ्या हातून चहा दोघांचाच होतो रे. कितीदा ठरवलं, तरी कमी आधण ठेववत नाही. उरलेला नुसता मोरीत ओतताना जिवावर येतं. म्हणून कप विसळायला लागलो. मग बाहेरसुद्धा हात तसाच जायला लागला."

मी मागे फिरलो आणि माझ्या कपातला चहा प्यायला लागलो. खाली रस्त्यावर घोषणा चालूच होत्या.

आबांनी उरलेला चहा आपल्या कपात ओतला आणि न विसळताच कप तोंडाला लावला.

"आज बरोबर पुरला," ते म्हणाले.