मेदेरची मेमरी आणि उघडी खिडकी

"मेमरी पळवणं म्हणजे खायचं काम नाही! अख्ख्या बिश्केकमध्ये ते जमतं एकट्या मला!" मेदेरने फोनवर तोक्तारला ठणकावून सांगितलं. तोक्तार त्याचा जुना मित्र. कॉम्प्युटरची मेमरी कंपनीने ठरवलेल्या वेगावर चालवणं म्हणजे दोघांच्याही मते शुद्ध भित्रेपणा!

मेदेरची बायको गुलझात हे ऐकत होती. गेला आठवडाभर हा जादा वेगाने पळवलेला कॉम्प्युटर उठसूट मान टाकत होता.

"आज रात्रीच्या जेवणापर्यंत सुरळीत चालता झाला, तर राहील. नाहीतर त्या कोपऱ्यात आईचं कपाट!"

आई, म्हणजे शायीरकुल, हिवाळ्यापुरती लेकीकडे आली होती. येताना कपाटासकट आली होती, हे महत्त्वाचं.

मेदेर कामाला लागला. वेग चढवला, चाचणी लावली. घर तापवणारी नळांतली वाफ सरकारी, ती कमी करायची सोय नाही. खोलीची नुसती भट्टी झालेली, आणि तापली की मेमरी चुका करणार! म्हणून बाहेर बर्फ पडत असताना त्याने खिडकी सताड उघडली आणि कोट-टोपी घालून कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसला. एक चूक नाही! गडी खुशीत खाली नान आणायला गेला.

येऊन बघतो तर पडदा लालेलाल! चुकाच चुका!

व्होल्टेज वाढवलं, पुन्हा समोर बसला. सगळं सुरळीत. चहाला उठला, परत लाल!

"मी समोर असलो की शहाण्यासारखा वागतो गं! पाठ फिरली की बिघडतो!"

"मग त्याच्याशीच लग्न करायचं होतंस!"

तिसऱ्या वेळी मेदेर गेल्यासारखं करून दाराआड लपला. तोच सासूबाई लगबगीने आत आल्या. खिडकी लावली, अंगावरची लोकरीची शाल काढली आणि कॉम्प्युटरच्या डब्याभोवती घट्ट गुंडाळली. त्याची चाहूल लागताच शाल ओढून खिडकी उघडायला धावल्या, पण पकडल्या गेल्या.

"सासूबाई! हे काय?"

"जावयाला तोंडावर कसं सांगायचं हो? पण बिचारा सकाळपासून कण्हतोय! माझा भाऊ असाच वाऱ्याला बसला आणि तोंड कायमचं वाकडं झालं. अजून सूप गळतं त्याचं!"

मेमरीला गारवा लागतो, पंखा कण्हत नसतो, हे सगळं मेदेरच्या ओठांवर आलं. पण म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं. हा गडी विरघळला. गुपचूप खाली बसला आणि मेमरीचा वेग कंपनीने ठरवला होता तिथे नेऊन ठेवला. जिवावर आलं होतं अगदी! सासूबाईंनी वरून शाल पांघरली.

जेवणं झाली, पडदा हिरवागार.

"चालला की रे!" गुलझात म्हणाली. "बरं, राहू दे त्याला."

"ऊब मिळाली ना त्याला!" सासूबाईंनी कौतुकाने डबा थोपटला.

तेवढ्यात तोक्तारचा फोन. "जमलं? शेवटी व्होल्टेज किती लागलं?"

दोघी मेदेरकडेच बघत होत्या.

"व्होल्टेजचं काय घेऊन बसलास," मेदेर हळूच म्हणाला. "घरात लोकरीची शाल आहे का?"