आजोबांचा कोट घातलेलं बुजगावणं

आमच्या घरात डोकं चालवण्याचं काम माझ्याकडे आहे. कुणी दिलेलं नाही, मीच घेतलंय. बाकीच्यांना शेतात इतकी कामं असतात की डोक्याकडे बघायला सवड होत नाही!

शेत म्हणजे घरामागचा तुकडा. त्यात यंदा सूर्यफूल होतं, सूर्यफुलावर चिमण्यांचा डोळा होता आणि राखणीला आजोबा होते. सकाळी खाकी कोट चढवायचा, जेवणाचा डबा घ्यायचा, बांधावर पालथ्या खोक्यावर बसायचं आणि मधूनमधून एक पत्र्याचं डबडं काठीनं बडवायचं. पण रुबाब असा की किल्ल्याचा दरवाजाच सांभाळतायत! संध्याकाळी परतले की ठरलेलं वाक्य, "आज एकीलाही फिरकू दिलं नाही." डबा चाटूनपुसून रिकामा. या वयात एवढी भूक म्हणून आई खूश. ती पोळ्या वाढवत होती आणि आजोबा वाळत होते. आम्ही दोष उन्हाला देत होतो.

परवा त्यांना बांधावर चक्कर आली. काल सकाळी बाबा म्हणाले, "अण्णा, आता घरी बसा. तुमच्यावाचून शेताचं काही अडत नाही." बाबांना काळजी वाटत होती, पण त्यांच्या तोंडून काळजी नोटिशीसारखीच बाहेर पडते. आजोबा उठले. खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

मग मी डोकं चालवलं. बुजगावणं! पण असंतसं नाही. कोट आजोबांचा, टोपी आजोबांची, वाकलेली पाठसुद्धा त्यांचीच. त्यासाठी मोडक्या खुर्चीची पाठ लावली. डबडं असं टांगलं की वारा आला की काठी आपोआप आपटावी. आजोबांची दहशत चिमण्यांत होतीच, ती फक्त उभी करून ठेवायची होती.

बाबांना सांगायचं मात्र राहून गेलं.

दुपारी ते पाण्याची मोटार सुरू करायला आले. मी कडब्याआड बसून माझ्या कामाकडे कौतुकानं बघत होतो. बाबांना भर उन्हात पाठमोरे अण्णा दिसले. ते थबकले.

"अण्णा, चला घरी."

पाठ जागची हलली नाही.

"रागावलात ना? मी नको ते बोललो."

वारा आला. ठण्ण! बाबांना तो होकार वाटला असावा, कारण ते चक्क बांधावर बसले आणि बोलायला लागले. पहिल्यांदा नांगर धरला तेव्हा मागून तुमचे हात होते, म्हणाले. आजही तुम्ही बांधावर दिसला नाहीत तर मला काम सुचत नाही, म्हणाले. हे सगळं त्यांनी आजोबांना उभ्या जन्मात सांगितलं नसणार. मी बाहेर कसा येणार? शेवटी बाबा उठले आणि त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला.

खांदा हातात आला.

बाबा असे किंचाळले की आई लाटणं घेऊन धावत आली आणि तिच्यामागे अनवाणी आजोबा. तेव्हा कुठे सगळ्यांचं पिकाकडे लक्ष गेलं. फुलाफुलावर चिमण्या! टोपीवर चिमण्या, बाहीत चिमण्या! एवढ्या किंकाळीनं एकही उडाली नव्हती. ठण्ण झालं की उलट नवा थवा उतरत होता. फुलांच्या चाळण्या झाल्या होत्या.

आणि आजोबा दिसताच तो सगळा थवा पिकातून उठला आणि त्यांच्या पायाशी येऊन बसला. एक तर अंगठ्यावर.

आई हळूच म्हणाली, "अण्णा, डबा कोण खात होतं?"

"मीही खायचो," आजोबा जमिनीकडे बघत म्हणाले. "उरलं तर."

ते डबडं हाकलायला नव्हतंच. ती जेवणाची घंटा होती! आणि मी ती सकाळपासून वाजत ठेवली होती, पोळीचा तुकडाही न वाढता. पाहुण्यांनी समोर होतं ते खाल्लं.

आजोबांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी तोंड उघडलं. आता बोलतील, मला वाटलं. पण सगळं बोलणं बुजगावण्यावर खर्च झालं होतं.

"पीक गेलं," बाबा म्हणाले.

"हो. चुकलंच माझं," आजोबा म्हणाले आणि घरी गेले.

संध्याकाळी मला राहवेना. आजोबांच्या खोलीत जाऊन मी बाबांचं बुजगावण्याशी झालेलं बोलणं सांगायला लागलो. नांगरापर्यंत आलो तर त्यांनी हात वर केला.

"तू नको सांगू. तो सांगेल."

आज दुपारी मी बुजगावणं काढायला गेलो, तर ते खोक्यामागे आडवं पडलेलं. त्याच्या जागी कोट घालून, पाठमोरे, दोन्ही हात पसरून आजोबा उभे! टोपीवर चिमण्या, खांद्यावर चिमण्या. म्हणजे हुबेहूब बुजगावणं. मी काही विचारणार, तेवढ्यात बाबा मोटार सुरू करायला आले. त्यांनी त्या पाठीकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे.

"ते अजून उपटलं नाहीस?" म्हणाले. मोटार सुरू केली आणि निघून गेले.

मी आजोबांजवळ गेलो. "चला घरी. ऊन लागेल."

त्यांनी हात खाली घेतले नाहीत.

"थांब जरा," ते ओठ न हलवता म्हणाले. "मोटार बंद करायला येईल ना परत."