तुळशीरामभाऊंनी पाहिलेला समुद्र

धाडच्या शिवेबाहेरची एखादी गोष्ट तुळशीरामभाऊंना आवडली, असं मी तरी कधी ऐकलं नाही. लोणारचं सरोवर पाहून आले तर म्हणाले, "एवढं मोठं भोक कोनी उघडं टाकते का? ढोरं पडले म्हंजे?" शेगावची कचोरी खाल्ली तर, "वरून फुगेल, अंदर काईच नाई." बुलढाण्याच्या थंडीचं लोक कौतुक करतात. भाऊंच्या मते ती थंडी खरी, पण धाडच्या थंडीसारखी इमानदार नाही. थंडी बेइमान कशी असते, हे मी विचारलं नाही. विचारलं की भाऊ समजावून सांगतात.

मी धाडच्या शाळेत मास्तर होतो आणि भाऊ माझे घरमालक. वांगी आणि मिरच्या पिकवणारा माणूस. मी पुण्याकडचा, म्हणून माझ्यावर विशेष लोभ. "मास्तर, तुमच्याकडचं वरन म्हंजे पिवळं पानी," हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागे.

गोवा मोकळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून बोटीनं पणजीला जाऊन यायचं मी ठरवलं. एकटाच. त्या बेतातली निम्मी मजा एकटेपणाचीच होती. पण भाऊंच्या बायकोनं, गोदावहिनींनी मला हाक मारली. वहिनींचे पाय एका तापात कायमचे गेले होते. त्या दिवसभर ओसरीवर बाजेवर बसून असत.

"मास्तर, यायले बी घेऊन जा. माह्यापायी ते कुठी मुक्कामाले जात नाई. माही बहीन येऊन राह्यली, ते पाहते माह्याकडं."

आता याला नाही कसं म्हणायचं?

मलकापूरला गाडीत बसल्यापासून भाऊ सुरू झाले. बोटीवर तर कळस झाला.

"हे हालते काऊन?"

"भाऊ, समुद्र आहे. हलणारच."

"धाडची बैलगाडी बी हालते. पन तिले कारन असते. खड्डा असते."

वाटेत एका बंदरावर होड्यांतून आलेले उतारू बोटीवर चढू लागले, तेव्हा भाऊंनी कठड्यावरून वाकून "सावकास बे!" असा सगळ्यांना सल्ला दिला. कोकणी माणसं लहानपणापासून असंच चढतात, हे मी सांगून पाहिलं. "म्हनून कोनी सांगूच नाई का?" असं उत्तर मिळालं.

पणजीला उतरलो. परतीच्या बोटीला अवकाश होता, म्हणून किनाऱ्यानं चालत निघालो. माडांखाली झावळ्यांनी शाकारलेली एक खोप होती. बाहेर दोन बाकं, आत फळीवर बाटल्या. आमच्याकडे दारूबंदी. त्यामुळे भरदिवसा, उघड्यावर, शांतपणे पीत बसलेली माणसं पाहून मी जरा बावचळलोच. पण भूक लागली होती. बसलो.

झगा घातलेली एक जाडजूड म्हातारी, त्या दुकानाची मालकीण, हसत पुढे आली. म्हणाली, "कितें जाय?"

भाऊ ताडकन उठले. "चला मास्तर! आल्या आल्या जाय म्हन्ते! आमच्या धाडले दुश्मनाले बी पयले बस म्हन्तेत."

"अहो भाऊ, काय पाहिजे असं विचारतेय ती."

"मंग तसं म्हनाव न तिनं."

कसंबसं बसवलं. भाऊंनी ताक मागितलं. फेणीच्या दुकानात ताक! म्हातारीनं ताकाऐवजी तळलेला मासा आणून ठेवला. भाऊंनी त्याच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं आणि ताटली माझ्याकडे सरकवली. "हा माह्याकडंच पाहून राह्यला."

मग पिशवीतून कडक झालेली भाकर आणि ठेचा निघाला. शेजारच्या बाकावर एक खलाशी फेणी पीत होता. भाऊंनी मोठ्या मनानं त्यालाही ठेचा दिला. त्यानं बोटभर तोंडात टाकला, डोळे विस्फारले आणि पुढ्यातला अख्खा पेला एका दमात रिचवला. भाऊ खूश.

"पाह्यलं? यायची दारू फिक्की हाय, मास्तर. आपल्या मिरचीपुढं पानी."

"तुम्ही कधी चाखलीत का?"

"चाखाले कायले लागते? त्याचं तोंड पाहा ना!"

मी मान खाली घालून मासा खात राहिलो. हा गृहस्थ माझ्याबरोबर नाही, असा चेहरा करायचा प्रयत्न चालला होता. मान वर केली तर भाऊ खरोखरच जागेवर नव्हते. तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला.

मी धावत किनाऱ्यावर गेलो. भाऊ गुडघाभर पाण्यात उभे होते. धोतर वर खोचलेलं, टोपी हातात. लाट आली की मागे सरत, परत फिरली की तिच्यामागे धावत. मी हाका मारतोय, बोट बोंबलतेय, त्यांना कशाचा पत्ता नाही. शेवटी जाऊन खांदा धरला.

"मास्तर, केवढं हे," ते म्हणाले. एवढंच. धाडचं नाव नाही, काही नाही. मग भानावर आले. "एवढं पानी, अन् एक वांगं भिजत नाई याच्यावर!"

त्यांना ओढत बोटीवर कसं आणलं, ते माझं मला माहीत. परतीच्या वाटेवर ते खाली बसलेच नाहीत. किनारा दिसेनासा झाला तरी कठडा धरून उभे. जेवायला हाक मारली, तर हातानंच मला गप्प केलं. मला आतून गुदगुल्या होत होत्या. हरला अखेर हा माणूस! आता गावात काय सांगतो ते बघू.

धाडला पोचलो. भाऊ पायसुद्धा न धुता बाजेवर वहिनींजवळ बसले.

"कसा हाय समुंदर?" वहिनींनी विचारलं.

"कायचा समुंदर! मोठं तळं हाय, तेही खारट. पेता येत नाई, शेताले देता येत नाई. लोकं उगाच जातेत. तू काईच मुकली नाई, गोदे."

प्रवासभराचा राग उफाळून आला. गुडघाभर पाण्यात कोण नाचत होतं, ते सांगणारच होतो. तेवढ्यात भाऊंनी वहिनींच्या पायांवरचं घसरलेलं पांघरूण वर ओढलं आणि कडेनं नीट खोचून दिलं. मी वाकून पिशवीची गाठ सोडू लागलो.

भाऊ चहा टाकायला आत गेले. वहिनींनी दाराकडे नजर टाकली आणि मला जवळ बोलावलं.

"मास्तर, आता तुमी सांगा. खरा कसा हाय?"

"भाऊंनी सांगितलं की आता..."

"ते तं असंच सांगतेत. जिथं जाऊन येतेत, तिथलं असंच. लय मेहनतीनं खोटं बोलतेत बिचारे. मले कळते, हे त्यायले कळू देऊ नका."

आत स्टोव्ह फुरफुरू लागला. त्या आवाजाच्या आडोशानं मी सांगत गेलो. पाण्याचा रंग, लाटा, माड. वहिनी मधेच म्हणाल्या, "लाट म्हंजे कशी? वाऱ्यानं जवारी लवते, तशी?"

"तशीच. पण थांबतच नाही."

"अन् हे? हे काय करत होते?"

मी सांगितलं. धोतर वर खोचून, टोपी हातात घेऊन, लाटेच्या मागे धावत होते.

"धावत होते?" वहिनींनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय, कळेना. मग डोळे पुसून म्हणाल्या, "ते पुन्हा सांगा."