सहाशे बारा शत्रू आणि एक बावर्ची

"मामू, महिन्याच्या आत बिल्ला तुमच्या छातीवर! मुकादमाचा शब्द आहे!"

अशरफ मुकादमने हमीद सारंगला हा शब्द दिला तो १९६१च्या जुलैत, कुवेतमधल्या जहरा गावाच्या पलीकडे वाळवंटात ठोकलेल्या स्वयंपाकाच्या तंबूत. उत्तरेकडून शेजाऱ्यांची फौज येणार अशी आवई उठली होती, म्हणून गोऱ्यांची एक पलटण कुवेतच्या मदतीला येऊन बसली होती. फौज काही आली नाही. आला तो उन्हाळा! त्यानेच इतके शिपाई आडवे केले की शत्रूने वेगळे कष्ट घ्यायची गरजच उरली नाही.

अशरफ दाभोळचा, पलटणीच्या कचेरीत टायपिस्ट. साहेबाच्या सहीचा प्रत्येक कागद त्याच्या हातून जायचा, त्यामुळे पलटण आपणच चालवतो असं त्याचं प्रामाणिक मत होतं. हमीद सारंग हर्णैचा, पन्नाशी उलटलेला, पलटणीचा बावर्ची. मोठ्या लढाईत त्याने पाच वर्षं आफ्रिकेत फौजेला रांधून घातलं होतं. वरून बॉम्ब पडत असताना खाली चहा वेळेवर दिला होता! पण गावच्या जमातीच्या बैठकीत पुढची खुर्ची मिळायची ती त्याच्या मेहुण्याला, यूसुफला. यूसुफ दोन दिवस आघाडीवर होता आणि तिसऱ्या दिवशी हगवण लागून परत आला. पण तो शिपाई होता, म्हणून त्याच्या छातीवर लढाईचा बिल्ला होता. हमीद बावर्ची, म्हणून त्याच्या छातीवर हळदीचे डाग.

"गोली काय इचारून येते काय रे, तू शिपाई का बावर्ची?" हमीद म्हणायचा. पंधरा वर्षं तो हेच म्हणत होता.

आणि एका सोमवारी गोळी खरंच आली. न विचारता!

झालं असं की सकाळी अकराला धुळीचं वादळ उठलं. बार्लो नावाचा शिपाई पहाऱ्यावर होता. त्याला धुळीत काहीतरी उंच, वाकड्या मानेचं, आपल्याकडेच येताना दिसलं. तो ओरडला, "थांब!" ते थांबलं नाही. इंग्रजी समजणारे उंट जहरात फार नाहीत. बार्लोने बंदूक झाडली. उंट जागचा हलला नाही. गोळी मात्र स्वयंपाकाच्या तंबूत शिरली आणि हमीदच्या पोटापासून चार बोटांवर असलेल्या कालवणाच्या डेगीतून आरपार गेली.

सगळी छावणी खाटांखाली! पलटणीचे साहेब कप्तान हॉजसन तर टेबलाखाली असे दडले की बाहेर काढायला दोघे लागले. हमीदने फक्त वळून पाहिलं. डेगीला दोन भोकं पडली होती, कालवण वाहत होतं. त्याने कणकेचे दोन गोळे थापले, भोकं बुजवली, आणि बाराच्या ठोक्याला जेवण वाढलं.

"हे म्हणजे साक्षात युद्ध!" अशरफ म्हणाला आणि त्याने नियमांचं पुस्तक उघडलं.

नियम मोठे मजेदार होते. बिल्ला फक्त पायदळाला. ड्रायव्हर, धोबी, कारकून, बावर्ची यांना नाही, मग ते मेले तरी नाही. मलमपट्टीवाल्यांना वेगळा बिल्ला, पण मलमपट्टी करताना गोळ्या सुटत असल्या तरच. मात्र सतराव्या पानावर अगदी बारीक अक्षरात लिहिलं होतं: लेखी हुकूम देऊन कोणालाही तात्पुरतं पायदळात नेमता येईल.

"सापडलं!" अशरफने चुटकी वाजवली. खडाखड टाईप केलं: हमीद सारंग यांस सोमवारी अकरा ते एक पायदळात नेमण्यात येत आहे. खाली रकाना होता, 'शत्रूची अंदाजे संख्या'. उंट लिहावा तर बिल्ला हातचा जाणार. अशरफने विचार करून लिहिलं, बारा.

"बारा कशाला?" हमीदने घाबरून विचारलं. "एक लिव."

"मामू, एका माणसाला कोण बिल्ला देतं?"

संध्याकाळपर्यंत ही बातमी छावणीभर झाली. ड्रायव्हर आला. "बावर्ची पायदळात, मग मी काय उंटदळात?" त्याच्या मागून धोबी, न्हावी, तारवाला, भांडारवाला. आपला बिल्ला वेगळा म्हणून तोंड फिरवून बसलेले मलमपट्टीवालेसुद्धा शेवटी आले. अशरफचा भाव असा वधारला की त्याला दुपारी झोप मिळेना! रोज नवा अर्ज टाईप करायचा कंटाळा, म्हणून त्याने कार्बन घातले आणि फक्त नाव बदललं. एकूण अर्ज झाले एक्कावन्न. सगळ्यात वरचा खुद्द कप्तानांचा. पन्नास अंशांच्या उन्हात त्यांनी न वाचता भराभर सह्या ठोकल्या आणि गठ्ठा वर पाठवून दिला.

वरच्या कचेरीत एक हिशेबी माणूस बसला होता. त्याने एक्कावन्न गुणिले बारा केले.

शनिवारी सकाळी जमीन हादरू लागली. अशरफ तंबूबाहेर आला तर समोर सोळा रणगाडे! त्यांच्यामागे दोनशे शिपाई, आणि एक मिशाळ कर्नल.

"कुठे आहेत?" कर्नल गरजले.

"कोण, सर?" कप्तानांनी विचारलं.

"सहाशे बारा शत्रू!"

कर्नलांनी दुर्बिणीने चारी दिशा पाहिल्या. तोच उंट, निवांत चघळत उभा होता.

चौकशी जेवणाच्या तंबूतच सुरू झाली. कर्नलांनी एकेक अर्ज वाचला, पुन्हा वाचला. मग गोड आवाजात म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी अकरा ते एक ही अख्खी छावणी पायदळ होती. वा! ड्रायव्हर पायदळ, न्हावी पायदळ, बावर्ची पायदळ. मग बारा वाजता जेवण वेळेवर वाढलं गेलं, असं वहीत लिहिलंय. ते कोणी रांधलं? खाना किसने पकाया?"

अशरफने हमीदकडे पाहून डोळे मोठे केले, मान हलवली, ओठ दाबले. गप्प, मामू, गप्प!

हमीदला बिल्ला हवा होताच. पुढची खुर्चीही हवी होती. पण आपल्या हातचं जेवण बेवारस ठरावं?

"मैंने पकाया, साब!" तो ताठ उभा राहून म्हणाला. "देग में गोली लगी, फिर भी टाइम पे दिया! एक आदमी भूखा नहीं रहा!"

"गोळी लागली तेव्हा तू चुलीपाशीच होतास?"

"और किधर, साब? सालन जल जाता!"

कर्नल क्षणभर उठून उभे राहिले. सलाम करतात की काय असं सगळ्यांना वाटलं. मग बसले आणि हमीदच्या अर्जावर लाल शेरा मारला: 'चुलीपाशी हजर. सबब अपात्र.'

बाकीचे एकोणपन्नास अर्ज 'खाटेखाली हजर' म्हणून बाद झाले, आणि कप्तानांचा 'टेबलाखाली' म्हणून. पण एक पंचाईत उरली! सोळा रणगाडे उंटासाठी आणले असं वर कळवायचं कसं? कर्नल तासभर येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांनी अशरफलाच बोलावून मजकूर सांगितला: सहाशे बारा शत्रूंना शिपाई बार्लो याने एका गोळीत पिटाळून लावलं. तो पायदळाचा, जागेवर हजर, आणि गोळीबारात प्रत्यक्ष सहभागी. सर्व अटी पूर्ण!

पुढच्या शुक्रवारी बार्लोच्या छातीवर बिल्ला लागला. कानापर्यंत लाल होऊन तो हमीदकडे आला आणि काहीतरी पुटपुटून त्याने हात पुढे केला. हमीदने तो हातात घेतला आणि त्याला एक जादा पोळी वाढली.

अशरफ दोन दिवस तोंड लपवून होता. तिसऱ्या दिवशी तंबूत आला आणि खाली बघत म्हणाला, "मामू, माफ करा. गावी दाखवायला मी आपला एक कागद टाईप करून देतो. पाच वर्षं आफ्रिका, इथली गोळी, सगळं इंग्रजीत. वर साहेबाचा शिक्का!"

हमीदने कढईतला झारा उपसला आणि दोन्ही हात जोडले.

"नको रे बाबा! तू टाईप केलंस का फौज येते. आनी दोनशे मानसांचा जेवान मलाच करायला लागतो!"