तळाचा थर कुणाचा?

बालमित्रांनो, एका जंगलात, म्हणजे तुमच्या शाळेमागच्या नव्हे, तिथे आता पार्किंग झालंय, तर एका जुन्या, खऱ्याखुऱ्या जंगलात गजरामावशी नावाची अस्वलीण राहत होती. त्या जंगलाला राजाही होता. पण तो सदानकदा दौऱ्यावर असे, त्यामुळे कारभार सुरळीत चालला होता.

गजरामावशीच्या हाताला चव होती. बारसं असो, लग्न असो, नाहीतर कोल्ह्याचा सत्कार असो (तो दर महिन्याला होई), पंगतीचा स्वयंपाक मावशीकडे. पंचवीस वर्षं तिने सगळं जंगल जेवू घातलं. आणि पंचवीस वर्षांत स्वतः काय खाल्लं? खरवड.

कारण तशी रीतच होती. रांधणारीने शेवटी जेवायचं. पाहुण्यांनी जे घेतलं नाही, ते रांधणारीचं. रीत फार छान होती. फक्त पाहुणे काही म्हणजे काही सोडत नसत. हसू नका. आधी घरी जाऊन आपल्या आईच्या पानात काय आहे ते बघा, मग हसा.

एकदा काय झालं, सहलीला आलेली माणसं झऱ्याकाठी एक रंगीत कागद टाकून गेली. त्यावर केकचं चित्र होतं. तीन थर, थरांमध्ये पांढरीशुभ्र मलई, मलईत ताजी फळं. खाली कृती. मावशीने ती चार वेळा वाचली. पाचव्यांदा वाचताना कागद ओला झाला, कारण तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

"येत्या रविवारी माझा वाढदिवस," ती स्वतःशीच म्हणाली. "हा केक करायचा. आणि एकदा तरी न मोडलेला, न उरलेला तुकडा पानात घेऊन ऐटीत बसून खायचा!"

आता शहाण्या बाईने दार लावून केक केला असता. पण एकटीसाठी रांधणं मावशीला ठाऊकच नव्हतं. तिने सगळ्या जंगलाला आमंत्रण दिलं.

मग सुरू झाली तयारी. उंदरांनी गहू दिला, तो मावशीने दळला. साखरेऐवजी मध घेतला. मधाच्या बाबतीत अस्वलाला कुणी शिकवायला नको. गव्याच्या सुनेने दूध दिलं. चार दिवसांची साय मावशीने झऱ्याच्या गार पाण्यात भांडं बुडवून फेटली. फेटता फेटता तिचं लोणी व्हायला आलं होतं, पण मावशी वेळीच थांबली. भट्टीसाठी एक जुनं वारूळ मिळालं. वाळवीला दोन दिवस माहेरी पाठवलं.

कृतीत चार अंडी लिहिली होती. मावशीने रानकोंबडीकडे नुसतं पाहिलं.

"मावशी, माझी चार लेकरं?" रानकोंबडी म्हणाली.

मावशी इतकी ओशाळली की तिने मुकाट्याने घट्ट दही घातलं. केक तरीही टम्म फुगला. जंगलभर असा वास सुटला की उपासाला बसलेल्या बगळ्याने उपास पुढच्या आठवड्यावर ढकलला.

राहिली फळं. रखमाजी माकडाने पाटीभर आंबे आणून दिले. तानूबाई साळिंदरीने फणसाचे गरे दिले. भास्करपंत कोल्ह्याने जांभळं दिली, आणि देताना छोटंसं भाषणही दिलं.

मावशीने विचार केला, जांभळाचा रंग खाली उतरतो, तर जांभूळ तळाला. फणस जड, तो मध्ये. आंबा देखणा, तो वर. प्रत्येक थरावर मलई, मलईवर फळं, आणि उचलायला बरं म्हणून प्रत्येक थराखाली केळीचं पान. केक असा झाला होता की मावशीने त्याच्याभोवती एक गिरकी घेतली. अस्वलाने गिरकी घेतली की भांडी पडतात. पडली. तिला त्याचं काही वाटलं नाही.

रविवारी सकाळी पाहुणे जमले. मावशीने सुरी उचलली.

"थांबा!" भास्करपंत ओरडला. "आमची जांभळं कुठे आहेत?"

"तळाला, पंत."

"तळाला?" भास्करपंताचं शेपूट ताठ झालं. "म्हणजे माकडाचा आंबा आमच्या डोक्यावर?"

"जो वरचा, तो वरच शोभतो," रखमाजी मिशीत हसला.

"अहो, रंग उतरतो जांभळाचा," मावशी समजावू लागली. "पोटात गेल्यावर सगळं एकच व्हायचंय. लवकर खाऊ या, ऊन चढलं की मलई वितळेल."

"मलई वितळली तरी चालेल, मान वितळता कामा नये!" भास्करपंत म्हणाला. टाळ्या पडल्या. कोल्हेकुई आणि टाळ्या एकत्र आल्या की भास्करपंताला काही सुचत नाही. तो पुढे म्हणाला, "आमचा थर तळाला असूच शकत नाही. ज्या अर्थी हा थर तळाला आहे, त्या अर्थी तो आमचा नाही!"

"मग कुणाचा?" मावशीने विचारलं.

"आमचा नाही हं," तानूबाई घाईने म्हणाली. तिचे काटे उभे राहिले.

"आमचा तर नाहीच नाही," रखमाजी म्हणाला.

मावशीने पंगतीवर नजर फिरवली. ससे, हरणं, उंदीर, बगळा, सगळ्यांनी माना हलवल्या. तळाचा थर घ्यायचा आणि जन्मभर तळाचे म्हणवून घ्यायचं? छे!

बिचारीला रडू फुटायचं बाकी राहिलं. मलईला घाम आला होता. जांभळाचा एक थेंब पानावरून ओघळला. मावशीने तो सवयीने बोटावर घेतला, चाटला, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"हा थर कुणीच घेत नाही ना?"

"नाही!" सगळी पंगत गरजली.

"पाहुण्यांनी घेतलं नाही, ते कुणाचं?"

रीत सगळ्यांना पाठ होती. मावशीने वरचे दोन थर पानासकट अलगद उचलून बाजूला ठेवले, मांडी घातली आणि जांभळाचा अख्खा थर खाल्ला. सावकाश. पाहुण्यांच्या आधी! पहिल्या घासाला तिला धाकधूक वाटली. दुसऱ्या घासाला काहीच वाटलं नाही. तिसऱ्या घासाला ती गुणगुणायला लागली.

"झालं, पंत," जांभळ्या ओठांनी ती म्हणाली. "गेला तो तळाचा थर. आता कापू?"

"थांबा!" या वेळी तानूबाई ओरडली. "जांभूळ गेलं. म्हणजे आता तळाला कोण?"

सगळ्यांनी वाकून पाहिलं. फणस.

"आमच्या सात पिढ्यांत कुणी तळाला बसलं नाही," तानूबाई म्हणाली. तिची नजर गऱ्यांवरून हलत नव्हती, आणि आवंढा गिळलेला सगळ्यांना ऐकू आला. "तो फणस आमचा नव्हे. रस्त्यात पडलेला असेल!"

"नीट विचार करा, तानूबाई," मावशी म्हणाली. मनापासून म्हणाली. ती काही लबाड नव्हती.

"मानापुढे फणस काय!"

मावशीने फणसाचा थर खाल्ला. गरे असे रसाळ होते की तिने डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा पानावर एकच थर होता आणि त्याच्यासमोर रखमाजी कमरेवर हात ठेवून उभा होता.

"सर्वांत वर होतो, वरच राहिलो!" तो म्हणाला. "कापा आता. पहिला तुकडा आमचा."

"अहो, पण या थराच्या खाली काय आहे?" भास्करपंताने गोड आवाजात विचारलं.

"पान."

"पान म्हणजे थर नव्हे. ज्याच्या खाली थर नाही, तो तळाचा."

"ज्याच्या वर थर नाही, तो वरचा!" रखमाजी किंचाळला.

मग जी चर्चा झाली, मुलांनो, तशी त्या जंगलात पूर्वी झाली नव्हती. एक ससा बेशुद्ध पडला. हरणांनी दोन गट केले आणि नंतर कोण कोणत्या गटात ते विसरली. आंब्याच्या फोडी मलईवरून घसरू लागल्या. मावशी पदराने वारा घालत म्हणत राहिली, "अरे, खा रे कुणीतरी!" शेवटी भास्करपंताने मतदान घेतलं. तीन मतं रखमाजीला पडली, त्याची, त्याच्या बायकोची आणि त्याचीच पुन्हा. बाकी सगळं जंगल म्हणालं, तळाचा.

रखमाजीने आंब्याकडे पाहिलं. आंब्यानेही जणू रखमाजीकडे पाहिलं. फार वाईट क्षण होता तो.

"ठीक आहे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. "मग आमचा नाही."

मावशीने पान पुढे ओढलं.

दुपारी पाहुणे घरी निघाले. कुणाच्याही पोटात कण नव्हता, पण कुणाचीही मान खाली नव्हती. "असा सोहळा झाला नाही," भास्करपंत रानकोंबडीला सांगत होता. "एकाही पाहुण्याचा अपमान नाही!" रानकोंबडी जरा लांबूनच ऐकत होती, कारण पंत उपाशी होता.

गजरामावशी झऱ्याकाठी उताणी पडली होती. पोट नगाऱ्यासारखं झालं होतं. तिला एवढा आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा तेच कळत नव्हतं. आईगं, काय केक झाला होता!

तात्पर्य : मुलांनो, स्वाभिमान ही फार मोठी गोष्ट आहे. तो शेजारच्यांनी अवश्य बाळगावा. ते बाळगत असताना आपण पान मांडून जवळच बसावं.