बहात्तराव्या वर्षी विदोये वाढला

विदोये ग्रुबानोविचची उंची एक मीटर नव्वद होती आणि मरेपर्यंत ती तेवढीच राहणार, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. म्हातारपणी केस जातात, दात जातात, ऐकू येईनासं होतं, हे त्याला मान्य होतं. पण उंचीही जाते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्याने ऐकून घेतलं नसतं. निकशिच शहराच्या वरच्या डोंगरात माणसाकडे एक वेळ जमीन नसेल, पैसा नसेल, पण उंची असतेच. खाली समुद्रकाठचे लोक खोल्या भाड्याने देऊन बंगले बांधतात, त्याचं डोंगरातल्यांना काही वाटत नाही. बांधू देत म्हणतात, दाराच्या चौकटीवर कपाळ आपटायचं भाग्य त्यांना कुठलं!

त्यातून विदोये म्हणजे घराण्याचा निशाणवाला. लग्नाच्या वऱ्हाडापुढे निशाण घेऊन चालायचं आणि नवरीच्या फाटकावर टांगलेलं लाल सफरचंद खाली आणायचं, हा त्याचा मान. सफरचंद निघाल्याशिवाय फाटक उघडत नाही आणि फाटक उघडल्याशिवाय नवरी मिळत नाही. पूर्वी ते सफरचंद बंदुकीने पाडायचे. मग एका लग्नात सफरचंद जागच्या जागी राहिलं, नवरीच्या मामाची टोपी मात्र उडाली, आणि पोलिसांनी बंदुका बंद केल्या. तेव्हा वडीलधाऱ्यांनी बसून नवा नियम केला. सफरचंद हाताने काढायचं, उडी मारायची नाही, शिडी लावायची नाही, आणि काढणारं माणूस घराण्यातलं उंच आणि साठीच्या पुढचं हवं. साठीच्या पुढचंच का, असं तरुण पोरांनी विचारून पाहिलं. नियम करणारे सगळे साठीच्या पुढचे आहेत, यापलीकडे त्यांना कारण सापडलं नाही.

येत्या शरदात विदोयेच्या नातवाचं, बाल्शाचं लग्न होतं. आजवर दुसऱ्यांच्या सुना आणल्या, आता स्वतःच्या घरची नातसून आणायची, या विचाराने तो उन्हाळाभर छाती काढून चालत होता. नेमकी त्या छाती काढण्यानेच पाठ धरली आणि त्याला दवाखान्यात जावं लागलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला भिंतीशी उभं केलं, डोक्यावर पट्टी टेकवली आणि एक मीटर एक्क्याऐंशी असं शांतपणे सांगितलं. विदोये म्हणाला, तुमची पट्टी बिघडली आहे. बाईंनी पुन्हा मोजलं. पट्टी मागच्याच महिन्यात इटलीहून आली आहे, असंही सांगितलं. तेव्हा विदोयेचा जीव भांड्यात पडला. इटलीची पट्टी ती, इटलीच्या माणसांच्या मापाने केलेली, तिला डोंगरातला माणूस काय कळणार! मणक्यांच्या चकत्या झिजतात, वयाने सगळेच खाली येतात, वगैरे बाई समजावत राहिल्या. तोवर हा बूट घालून बाहेर पडला होता.

घरी आल्यावर मात्र त्याने फडताळाच्या वरच्या फळीवरची राकिया दारूची बाटली काढून पाहिली. टाचा उचलाव्या लागल्या. त्याने फडताळ तपासलं, जमीन तपासली आणि फडताळाखाली पाया वर आला आहे, असा निष्कर्ष काढला. गवंड्याला बोलावून दोन शिव्याही दिल्या. त्याची बायको कोसारा नेहमीसारखी पोक काढून चुलीवर काचामाक घोटत होती. मक्याच्या त्या पिठात लाकडी दांडा फिरवायला मनगटात जोर लागतो, त्यामुळे आपण काही बोललो नाही ते खपून गेलं, असं तिला वाटलं.

कोसाराला सगळं ठाऊक होतं. गेली कित्येक वर्षं ईस्टरच्या आधी कपडे उन्हात घालायच्या निमित्ताने ती नवऱ्याच्या सगळ्या पँटी खालून नखभर आखूड करत आली होती. नाहीतर त्या टाचेखाली आल्या असत्या, हा पडला असता, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला कारण कळलं असतं. ग्रुबानोविच घराण्यातल्या पुरुषाला खरं सांगितलं की तो आठवडाभर अंथरूण धरतो. त्यापेक्षा सुई-दोरा परवडला.

आता इकडे बायको गुपचूप, तर तिकडे नवराही गुपचूप. तो निकशिचला गेला आणि जोडे दुरुस्त करणाऱ्याकडून बुटांत घालायच्या बुचाच्या जाड टाचा घेऊन आला. एका मित्राला हव्या आहेत म्हणाला. दुकानदाराने कागदात गुंडाळून देताना, तुमच्या गावात असे गरजू मित्र बरेच दिसतात, एवढंच म्हटलं. विदोयेने ते मनावर घेतलं नाही.

रविवारी बुचावर चढून तो गावच्या कॅफेत गेला आणि घोटाळा तिथे झाला. माणूस बुचाने वर गेला होता, पँट सुईने वर गेली होती, आणि मधे चांगली चार बोटं मोजे उघडे पडले होते. हे पहिल्यांदा पाहिलं ते नोवित्साने. नोवित्सा हा विदोयेचा चुलतभाऊ. त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आणि बोटभर ठेंगणा, आणि निशाणासाठी बोटभराची वाट बघत म्हातारा झालेला.

"विदोये, ही पँट कुणाची रे?" त्याने विचारलं.

"माझीच. गेल्या लग्नातली."

"गेल्या लग्नात ती बुटावर लोळत होती."

विदोयेने खाली पाहिलं. बुचाचं त्याला माहीत होतं, सुईचं माहीत नव्हतं. बूच तर बुटाच्या आत आहे, त्याने पँट एवढी वर कशी जाईल? क्षणभर त्याचं त्यालाच खरं वाटलं. डॉक्टरीणबाई, पट्टी, सगळी इटली खोटी पडली.

"वाढलोय," तो म्हणाला. "सांगणार नव्हतो. तुम्हीच बघितलंत."

बहात्तराव्या वर्षी माणूस वाढतो म्हटल्यावर कॅफेतल्या म्हाताऱ्यांनी पत्ते खाली ठेवले. कसा, काय खाऊन, कुणाच्या औषधाने, सगळे विचारू लागले. काहीतरी सांगणं भाग होतं. खिडकीतून समोर प्लमचं झाड दिसत होतं. सकाळी उपाशीपोटी फांदीला लोंबकळायचं, विदोयेने ठोकून दिलं, मणके सुटे होतात आणि मधे जागा होते.

झालं! दुसऱ्या दिवसापासून गावातल्या एकेका बागेत एकेक आजोबा वाळत घातलेल्या कोटासारखा लटकू लागला. बायका कोंबड्यांना दाणे टाकताना वर बघायच्या आणि उरलेले दाणे घेऊन आत जायच्या. पाद्रीबाबासुद्धा चर्चमागच्या अक्रोडाला लोंबकळतात अशी बातमी आली. त्यांनी ती नाकारली, पण झग्याच्या काखा उसवलेल्या होत्या. नोवित्सा तर सकाळ-संध्याकाळ लटकायचा. एकदा फांदीसकट खाली आला, तरी थांबला नाही. आणि आपली थाप आपल्याच गळ्यात आल्यामुळे विदोयेलाही लटकावं लागायचं. उंचीचं राहिलंच बाजूला, पंधरवड्यात सगळ्यांचे खांदे मात्र असे धरले की टोपी घालायची तरी डोकं टोपीपाशी न्यावं लागे. हे कुणी कुणाला सांगितलं नाही. चार जण एकदम टोपी घालायला वाकले की हवामानाविषयी बोलायचे.

बातमी दरीपलीकडे नवरीच्या गावी पोचली. नवरीचा बाप मिर्चेता हा मानी माणूस. वराचा आजोबा या वयात वाढतोय म्हटल्यावर नेहमीच्या उंचीला सफरचंद टांगणं म्हणजे पाहुण्याचा अपमान! त्याने शिडी मागवली आणि सफरचंद वीतभर वर बांधलं.

लग्नाच्या दिवशी विदोये निशाण घेऊन निघाला तेव्हा खरोखर रुबाबदार दिसत होता. कोसाराने पँट आदल्या दिवशी उसवून जराशी सोडली होती, का ते तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. फाटकापाशी वऱ्हाड थांबलं, ॲकॉर्डियन थांबलं. विदोयेने निशाण बाल्शाच्या हाती दिलं आणि वर पाहिलं. सफरचंद पार वर, त्याच्या ऐन जवानीतल्या उंचीला साजेल असं लोंबत होतं.

"तुमच्यासाठी मुद्दाम वर बांधलं, व्याहीबुवा," मिर्चेता आतून म्हणाला.

विदोयेने हात उचलला. तो कानापर्यंत आला आणि तिथेच अडकला. त्याने दुसऱ्या हाताने कोपर धरून वर ढकलला, चवडे टेकवून टाचा उचलल्या, आणि मोकळं झालेलं डाव्या बुटातलं बूच टुणकन बाहेर उडून फाटकाखालून नवरीच्या अंगणात गेलं. विदोये एका बाजूला कलला. मिर्चेताने बूच उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि सभ्य माणसासारखं खिशात ठेवलं.

"हट, मी काढतो," नोवित्सा पुढे आला. आयुष्यभराची वाट पाहणं फळाला आलं होतं. त्याचा हात तर हनुवटीवरही जाईना. त्यानेही टाचा उचलल्या, आणि त्याच्या बुटातून बूच निघालं तेव्हा कुणी हसलं नाही. कारण मागे उभे असलेले बाकीचे आजोबा एकदम आपापल्या बुटांकडे बघू लागले होते. तिसऱ्याला पुढे व्हायला सांगितलं, तर तो म्हणाला, माझा उपास आहे.

ॲकॉर्डियनवाल्याने वाद्य खाली ठेवलं. सफरचंद निघालं नाही तर वऱ्हाडाने परत जायचं आणि पुढच्या रविवारी यायचं, ही रीत. अशी वेळ आजवर ग्रुबानोविचांवर कधी आली नव्हती. बाल्शाचा चेहरा उतरला. तो स्वतः चांगला उंच होता, नुसता हात वर केला असता तरी काम झालं असतं, पण त्याची साठी अजून दूर होती. वरच्या खिडकीतून नवरीने डोकं बाहेर काढून विचारलं की मग मी पायातले बूट पुढच्या रविवारपर्यंत काढून ठेवू का. विदोयेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या थापेने नातवाची नवरी अडली, हे त्याला त्या क्षणी लख्ख दिसलं, आणि आता खरं बोलावं की चक्कर आल्याचं सोंग करावं याचा तो विचार करू लागला.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून कोसारा पुढे आली. तिने आपली पर्स विदोयेच्या हातात दिली.

"धर जरा," ती म्हणाली.

मग ती सरळ झाली. सरळ व्हायला तिला थोडा वेळ लागला. आधी मान वर आली, मग खांदे मागे गेले, मग कमरेतून काहीतरी कडकन वाजलं, आणि गावाने तिला इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं एवढी ती उभी राहिली. तिने हात वर केला, टाचा जराशा उचलल्या, सफरचंद देठापासून पिरगळून काढलं आणि फाटकावर टकटक केली.

वडीलधारे नियम आठवू लागले. घराण्यातलं माणूस, होय. उंच, तेही समोर दिसतच होतं. साठीच्या पुढचं, होय. ते पुरुष असावं असं कुणी म्हटलंच नव्हतं, कारण म्हणावं लागेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मिर्चेताने फाटक उघडलं.

विदोये पर्स घेऊन तसाच उभा होता. बायकोचे डोळे बघायला आपल्याला वर बघावं लागतंय, हे त्याला पटायला वेळ लागला.

"तू कधी वाढलीस?" त्याने हळूच विचारलं.

"मी कशाला वाढते? तू खाली यायला लागलास, तशी मी वाकायला लागले. दहा-बारा वर्षं झाली."

"आणि पँट?"

"तीही मीच."

विदोयेला खूप बोलायचं होतं. रागवावं असंही वाटलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवावा असंही वाटलं. पण हात वर जात नव्हता, म्हणून त्याने पर्स दुसऱ्या काखेत घेतली आणि नाक ओढलं. डोळ्यांत पाणी आलं होतं ते नोवित्साला दिसू नये म्हणून तो मिर्चेताकडे ते सफरचंद कुठल्या झाडाचं याची चौकशी करू लागला.

जेवणाआधी फोटो काढायचा होता. नवरा-नवरी मधे, आजी-आजोबा शेजारी, मागे मिर्चेताच्या घराच्या पायऱ्या. फोटोवाल्याने डोळा लावला, मान हलवली आणि कोसाराला म्हणाला की आजीबाई, फोटो बरा दिसत नाही, तुम्ही जरा वाकता का?

कोसारा सवयीने वाकायला लागली.

"वाकायचं नाही," विदोये म्हणाला. सगळ्या वऱ्हाडाला ऐकू गेलं. "मी वर चढतो."

आणि तो मान ताठ ठेवून, सगळ्यांच्या देखत, पाठीमागच्या पायरीवर चढला.

कोसाराने वळून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"अजून एक चढ," ती म्हणाली.